अंधारातली अमानत

८ ऑगस्ट १८८०. मध्यरात्र उलटून दोन तास झाले होते. आफ्रिकेच्या पूर्व टोकाला, ग्वार्दाफुई भूशिराजवळच्या खवळलेल्या समुद्रात 'जेद्दाह' नावाची आगबोट हेलकावे खात होती. बोटीवर साडेनऊशेहून अधिक प्रवासी होते. बहुतेक सारे मलाय मुलुखातले हजयात्रेकरू. त्यांत बायका होत्या, लहान मुले होती. सिंगापूर सोडून त्यांना तीन आठवडे झाले होते. वादळाच्या तडाख्यात बॉयलर बैठकीवरून हलले होते, इंजिन बंद पडले होते आणि तळाशी पाणी चढत होते. यात्रेकरू खलाशांच्या बरोबरीने पाणी उपसत होते.

हिजरी कालगणनेशी ताडून पाहिले तर ते १२९७ सालच्या रमजानचे अगदी पहिले दिवस होते. कोवळी चंद्रकोर केव्हाच मावळलेली होती. हजला अजून तीन महिने बाकी होते. त्या काळच्या यात्रेकरूंचा हिशेब असा महिन्यांचाच असे. जमिनीचा तुकडा विकून किंवा वर्षानुवर्षे पैसा साठवून माणसे घराबाहेर पडत आणि निघताना गावाची माफी मागून निघत. परत येऊच, याची खात्री कोणालाच नसे.

त्या अंधारात बोटीचा कप्तान जोसेफ लुकस क्लार्क, त्याची पत्नी, मुख्य इंजिनियर आणि आणखी काही जण जीवरक्षक होडीत बसून निघून गेले. ऑगस्टीन विल्यम्स हा तरुण फर्स्ट मेटही त्याच होडीतून गेला. आपल्याला टाकून हे चालले आहेत, हे कळताच यात्रेकरूंनी आक्रोश केला, हाताला लागेल ते होडीच्या दिशेने फेकले. होडी अंधारात दिसेनाशी झाली.

सकाळी 'सिंदिया' नावाच्या बोटीने होडीतल्या माणसांना वर घेतले आणि १० ऑगस्टला एडनला पोहोचवले. कप्तानाने तिथे सांगितले, 'जेद्दाह' सर्व यात्रेकरूंसह बुडाली. तशा तारा लंडनला आणि सिंगापूरला गेल्या. इतकी माणसे गेल्याच्या बातमीने लोक हळहळले.

दुसऱ्या दिवशी 'अँटेनॉर' नावाची दुसरी आगबोट एडनच्या बंदरात शिरली. तिच्यामागे दोरखंडाने ओढत आणलेली 'जेद्दाह' होती आणि डेकवर शेकडो यात्रेकरू जिवंत उभे होते.

कप्तान गेल्यावर त्यांनी पाणी उपसणे थांबवले नव्हते. मागे राहिलेल्या थोड्या खलाशांना हाताशी धरून त्यांनी बोट तरती ठेवली आणि संकटाचे निशाण लावले. ते 'अँटेनॉर'ने पाहिले. तिचा एक अधिकारी 'जेद्दाह'वर आला, त्याने यात्रेकरूंना पाळ्या लावून दिल्या आणि त्याच माणसांच्या मेहनतीवर बोट बंदराला लागली. ज्यांना मेलेले समजून तारा गेल्या होत्या, ते स्वतःच साक्षीदार म्हणून एडनला येऊन पोहोचले.

चौकशीत काय निघाले

त्या काळी एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत असे. तिथल्या ब्रिटिश रेसिडेंटच्या न्यायासनापुढे चौकशी झाली. कप्तान आणि फर्स्ट मेट यांचे म्हणणे असे, की यात्रेकरू बिथरले होते, आपला जीव घेतील अशी भीती वाटू लागली होती, म्हणून बोट सोडावी लागली. न्यायासनाने ही सबब मानली नाही. कप्तानाचे प्रमाणपत्र तीन वर्षांसाठी निलंबित झाले आणि फर्स्ट मेटच्या वागण्यावर कडक ताशेरे ओढले गेले. ही शिक्षा फारच सौम्य झाली, असे तेव्हाही अनेकांचे मत होते.

या प्रकरणाची आठवण आज राहिली आहे ती मुख्यतः जोसेफ कॉनरॅड या लेखकामुळे. तो स्वतः दर्यावर्दी होता. 'जेद्दाह'ची हकीकत पूर्वेकडच्या बंदरांमध्ये त्याच्या कानावर आली आणि तिच्यावरून त्याने १९०० साली 'लॉर्ड जिम' ही कादंबरी लिहिली. कादंबरीत बोटीचे नाव 'पाटणा' आहे आणि सारी गोष्ट पळून गेलेल्या अधिकाऱ्याच्या मनाची आहे. साहित्यात ती थोर मानली जाते, यात वाद नाही. पण रमजानच्या या दिवसांत लक्ष जाते ते बोटीवर राहिलेल्या साडेनऊशे माणसांकडे. त्यांची नावे कोणत्या कादंबरीत नाहीत. कप्तानाच्या कर्तव्याविषयी जे सांगायचे आहे, ते मात्र त्यांच्याकडे पाहिल्यावरच नीट कळते.

बोटीबरोबर बुडणे हे कर्तव्य आहे का?

कप्तानाचे कर्तव्य म्हटले की एक चित्र डोळ्यांपुढे येते. बोट बुडते आहे आणि कप्तान गणवेशात ताठ उभा राहून तिच्यासोबत समुद्रात जातो आहे. हे चित्र लोकांना आवडते. त्यातले शौर्य नाकारण्याचेही कारण नाही. डिसेंबर १९७१ च्या युद्धात दीवजवळ 'आयएनएस खुकरी' ही युद्धनौका बुडाली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी स्वतः वाचण्याचा प्रयत्न केला नाही. देश त्यांना त्यासाठी आठवतो. पण शेवटच्या क्षणापर्यंत ते आपल्या माणसांना बोटीबाहेर ढकलत होते आणि स्वतःचे जीवरक्षक जाकीट त्यांनी दुसऱ्याला दिले, ही गोष्ट त्यांच्या मृत्यूपेक्षा आधी आठवायला हवी.

कप्तानाने बोटीबरोबर मरावे, असे समुद्राचा कायदा कधीच सांगत नाही. इटलीसारख्या काही देशांच्या कायद्यांत कप्तानाने सर्वांत शेवटी उतरावे, असे कलम आहे. त्याचा अर्थ इतकाच, की ज्याच्या हातात बोट आहे त्याने तिच्यावरच्या माणसांची सोय झाल्याशिवाय स्वतःची सोय पाहू नये.

याची दुसरी बाजूही आहे. 'टायटॅनिक'चा कप्तान एडवर्ड स्मिथ १९१२ मध्ये बोटीबरोबर गेला. त्याच्या मरणाने त्याचे सारे कर्तव्य पूर्ण झाले, असे म्हणता येईल का? हिमनगांच्या सूचना बिनतारी यंत्रावर येत होत्या, तरी बोट वेगातच चालली होती. सुमारे २,२०० माणसांसाठी २० होड्या होत्या आणि त्यांत जागा होती १,१७८ जणांची. पहिली होडी खाली सोडली तेव्हा ६५ जणांच्या त्या होडीत जेमतेम २८ माणसे बसलेली होती, कारण मोठी बोट बुडणार आहे हे बहुतेक प्रवाशांना पटलेच नव्हते. होड्या कमी असणे हा कप्तानाचा दोष नव्हता, तेव्हाचे नियमच तसे होते. पण असलेली प्रत्येक जागा भरणे आणि लोकांना वेळेवर खरे सांगणे हे त्याच्या हातात होते.

मरणे हे कर्तव्य नव्हे. थांबणे हे कर्तव्य आहे आणि थांबून खरे बोलणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे.

खोटी घोषणा

अलीकडच्या दोन अपघातांकडे पाहिले तर हे स्पष्ट होते. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही प्रचंड क्रूझ बोट खडकावर आदळली. बोटीवर चार हजारांहून अधिक माणसे होती. पोटाला भगदाड पडलेले असताना प्रवाशांना सांगण्यात आले, वीज गेली आहे, काळजी करू नका. बोट सोडण्याचा आदेश मिळायला तासाहून अधिक वेळ गेला. त्या रात्री ३२ माणसे मेली. कप्तान फ्रांचेस्को स्केत्तिनो मात्र प्रवासी बोटीवर अडकलेले असतानाच किनाऱ्यावर पोहोचला होता. परत बोटीवर जा, असे तटरक्षक दलाचा अधिकारी त्याला फोनवर पुन्हा पुन्हा बजावत होता. तो गेला नाही. न्यायालयाने त्याला १६ वर्षांची शिक्षा दिली.

त्या ३२ जणांत मुंबईकडचा एक तरुण वेटर होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, जवळजवळ तीन वर्षांनी सापडले. अखेरच्या वेळी तो प्रवाशांना मदत करत होता, असे वाचलेल्यांनी सांगितले. त्याच्या खांद्यावर कप्तानाच्या पट्ट्या नव्हत्या. ताटे उचलणाऱ्या माणसाने, कप्तानाने टाकलेले काम उचलले.

दोन वर्षांनी, १६ एप्रिल २०१४ रोजी, दक्षिण कोरियात 'सेवोल' ही फेरीबोट कलंडली. तिच्यावर ४७६ माणसे होती. त्यांतली बहुतेक एकाच शाळेतून सहलीला निघालेली मुले. ध्वनिक्षेपकावरून पुन्हा पुन्हा सांगण्यात आले, जागेवरून हलू नका. मुले आज्ञाधारक होती. ती हलली नाहीत. ३०४ जीव गेले, त्यांत सुमारे अडीचशे विद्यार्थी होते. कप्तान मात्र मदतीला आलेल्या पहिल्या गस्तबोटीवर चढून निघून गेला होता. कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने खुनाच्या गुन्ह्यासाठी त्याची जन्मठेप कायम केली. त्याच बोटीवरची २२ वर्षांची एक कर्मचारी मुलगी मात्र मुलांना जाकिटे वाटत राहिली आणि स्वतः परत आली नाही.

या दोन्ही ठिकाणी बोट आधी पाण्याने नव्हे, तर खोट्या शब्दाने भरली. ज्याच्या शब्दावर माणसे बसून राहतात, त्याने तो शब्द देऊन निघून जाणे, याहून मोठा विश्वासघात नाही. 'जेद्दाह'च्या कप्तानाने निघताना प्रवाशांना काहीच सांगितले नाही. त्या मौनाचा अर्थही तोच होता.

प्रवासी म्हणजे गर्दी नव्हे

'जेद्दाह'च्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे. कप्तानाला समुद्राची भीती वाटली हे समजण्यासारखे आहे. पण त्याने सबब सांगितली ती प्रवाशांच्या भीतीची. वेगळ्या वर्णाची, वेगळ्या भाषेची, वेगळ्या धर्माची ती साडेनऊशे माणसे त्याच्या लेखी भाड्याचा माल होती आणि संकट आल्यावर धोकादायक जमाव झाली. त्यांना विश्वासात घ्यावे, त्यांच्या हातांचा उपयोग करावा, हे त्याला सुचले नाही. ती माणसे काय करू शकत होती, हे पुढच्या तीन दिवसांनी दाखवून दिले.

आपल्या ताब्यातल्या माणसांविषयी मनात अढी असेल तर कर्तव्य टिकत नाही. 'ती' माणसे कशी असतात ते आपल्याला ठाऊक आहे, असे एकदा मनाने घेतले की त्यांना टाकून जाण्याची सबब आपोआप तयार होते. ही गोष्ट फक्त समुद्रावरची नाही. जिथे निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे एका गावात, एका कारखान्यात, एका इमारतीत राहतात, तिथे प्रत्येक मोठ्या पदावरच्या माणसाने हे लक्षात ठेवायला हवे. बोटीला भोक पडले तर पाणी नाव-गाव विचारून आत येत नाही.

उलट उदाहरणही आहे. ऑगस्ट १९९१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ 'ओशियानोस' ही प्रवासी बोट बुडाली. प्रवासी वर असतानाच कप्तान आणि त्याचे बरेच अधिकारी निघून गेले. मागे राहिले ते मनोरंजनासाठी नेमलेले गाणारे-वाजवणारे. त्यांनीच बिनतारी संदेश पाठवले आणि हेलिकॉप्टरच्या दोरीला एकेक प्रवासी बांधून वर पाठवला. बोटीवरची सर्व ५७१ माणसे वाचली. म्हणजे कप्तानाचे काम गिटार वाजवणाराही करू शकतो. त्यासाठी हुद्दा लागत नाही, समोरच्या माणसाचा जीव आपल्याकडे सोपवलेला आहे हे वाटावे लागते.

रामदासची आठवण

कोकणातल्या घरांना ही चर्चा परकी नाही. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्येला घरी पोहोचायचे म्हणून निघालेले चाकरमानी, बाजाराला आलेले व्यापारी, बायका, मुले. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सारेच त्यात होते. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि रायगडच्या कित्येक गावांत सुतक पडले होते.

'रामदास'वर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळली ती दुपारी, पोहत आलेल्या माणसांकडून. दरम्यान रेवसकडच्या कोळ्यांनी, बाजारात न्यायची मासळी समुद्रात ओतून, होड्या रिकाम्या केल्या आणि बुडणाऱ्यांना वर घेतले. त्या दिवसाची सारी कमाई त्यांनी पाण्यात टाकली. त्यांना कोणी हुकूम दिला नव्हता आणि बुडणारे त्यांचे प्रवासीही नव्हते.

'रामदास'ची हकीकत सांगते, की कर्तव्य वादळात सुरू होत नाही. ते धक्क्यावर सुरू होते. हवा अशी असताना बोट सोडायची की नाही, किती माणसे घ्यायची, जाकिटे कुठे आहेत आणि ती पोराटोरांना घालता येतात का, मदत मागायची सोय आहे का, हे प्रश्न दोरखंड सोडण्याआधीचे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर जाकिटांची सक्ती झाली. त्या दिवशीही जवळून जाणाऱ्या बंदराच्या एका पायलट बोटीवरच्या मोजक्या माणसांनी डझनावारी लोकांना पाण्यातून वर काढले. हीच जाकिटे आधीपासून सगळ्यांच्या अंगावर असती, तर त्यांचे काम किती सोपे झाले असते!

इथे प्रवाशांचाही वाटा आहे. एका जहाजाचा दृष्टान्त प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे. काही लोकांना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. शेवटी ते म्हणू लागले, आपण आपल्याच भागात भोक पाडून पाणी घेऊ, वरच्यांना त्रास नको. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले, तर सारेच बुडतील. त्यांचा हात धरला, तर सारेच वाचतील. लाँच भरून वाहत असताना 'अजून दोघे घ्या हो, उशीर होतोय' म्हणणारा प्रवासी आणि हसून त्यांना वर घेणारा तांडेल, दोघेही मिळून तेच भोक पाडत असतात.

कोणी पाहत नसताना

इस्लाममध्ये अमानत या शब्दाला फार मोठे वजन आहे. अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. ती पैशाची असेल, गुपिताची असेल, पदाची असेल किंवा माणसांच्या जिवाची. प्रत्येक माणूस राखणदार आहे आणि त्याच्या राखणीत जे दिले आहे त्याचा जाब त्याला द्यावा लागेल, अशी प्रेषितांची शिकवण आहे. त्यात राज्यकर्ता येतो, तसा घरातला बाप येतो, आई येते आणि मालकाची वस्तू सांभाळणारा नोकरही येतो. कोणीच सुटत नाही.

रोजा हीही एक अमानतच आहे आणि तीही अशी, की जिचा हिशेब दुसरा कोणी ठेवू शकत नाही. दार लावून कोणी घोटभर पाणी प्यायले तर शेजाऱ्याला कळणार नाही, घरच्यांनाही कळणार नाही. तरीही भर उन्हात हमाली करणारा, रिक्षा चालवणारा, शाळेत जाणारे दहा-बारा वर्षांचे पोर, कोणीही ते पाणी पीत नाही. महिनाभर चाललेला हा सराव कशाचा? कोणी पाहत नसतानाही दिलेला शब्द पाळण्याचा.

'जेद्दाह'च्या कप्तानाची परीक्षा नेमकी इथे झाली. रात्र अंधारी होती. बोट बुडाली असती तर त्याचे म्हणणे खोडून काढायला एकही माणूस उरला नसता. सर्व यात्रेकरू बुडाले, आम्ही कसेबसे वाचलो, हीच हकीकत इतिहासात गेली असती आणि लोकांनी कदाचित त्याच्याबद्दल सहानुभूतीही दाखवली असती. बोट तरली म्हणून त्याचे पळणे उघडे पडले. पण समजा ती बुडाली असती, तर त्याचे कर्तव्य कमी झाले असते का? साक्षीदारावर अवलंबून असलेला प्रामाणिकपणा हा प्रामाणिकपणाच नव्हे.

गावातल्या वाचकाला वाटेल, आपल्याला कुठे बोट चालवायची आहे! पण बोटी सगळीकडे आहेत. पतपेढी अडचणीत आल्याचे कळल्यावर संचालक आपल्या आणि आपल्या सोयऱ्यांच्या ठेवी आधी काढून घेतात आणि काउंटरवर मात्र 'सर्व व्यवहार सुरळीत आहेत' अशी पाटी लागते. मोलमजुरी करून पैसे ठेवलेल्या बाईला ती पाटी खरी वाटते. हे 'जेद्दाह'च्या होडीपेक्षा वेगळे काय आहे? उमराहच्या यात्रेला नेतो म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पैसे घेऊन ऐन वेळी फोन बंद करणारा टूरवाला, सहलीच्या बसचे ब्रेक नीट नाहीत हे ठाऊक असून मुले बसवणारा, साथ आल्यावर गावातून सर्वांत आधी निघून जाणारा पुढारी, हे सारे अंधारात होडी सोडणारेच. त्यांच्यापैकी प्रत्येकाकडे सबब असते. लोक बिथरले होते, ही सबबही असतेच.

आणि पतपेढीच्या दारात बसून राहणारा, शिव्या खाऊनही खातेदारांना खरा आकडा सांगणारा व्यवस्थापकही क्वचित भेटतो. त्याने ठेवी बुडवलेल्या नसतात, पण तोंड दाखवायला तोच उरलेला असतो. लोक त्याच्यावरच राग काढतात. असा माणूस आपल्या गावात असेल, तर त्याला ओळखायला हवे. वादळात जागेवर थांबलेला माणूस आहे तो.

परतीची वाट

मग जो पळाला त्याचे काय? त्याला काही वाटच नाही का?

कुरआनमध्ये हजरत युनूस (अ.) यांची कथा आहे. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेतही ती आहे. ज्या लोकांकडे त्यांना पाठवले होते, त्यांच्यावर रागावून ते परवानगीवाचून निघून गेले आणि माणसांनी भरलेल्या एका जहाजात बसले. चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, त्यांच्या नावाची निघाली आणि ते समुद्रात पडले. माशाच्या पोटातल्या काळोखात त्यांनी आपली चूक कबूल केली. त्यांना क्षमा मिळाली, पण गोष्ट क्षमेवर संपत नाही. ते किनाऱ्याला लागले आणि त्यांना पुन्हा त्याच कामावर, लाखभर किंवा त्याहूनही अधिक लोकांकडे पाठवण्यात आले. तौबा म्हणजे नुसते रडणे नव्हे, ज्यांना सोडून गेलो त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहणे.

'जेद्दाह'चा फर्स्ट मेट विल्यम्स पुढे सिंगापूरलाच राहिला. दुसऱ्या मुलुखात जाऊन नाव बदलणे अवघड नव्हते. तसे न करता, ज्या बंदरातून ते यात्रेकरू निघाले होते त्याच बंदरात, येणाऱ्याजाणाऱ्या बोटींना सामान पुरवणाऱ्या दुकानदाराकडे त्याने नोकरी केली. त्याची हकीकत तिथे प्रत्येकाला माहीत होती. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्या मनात काय होते ते त्याला आणि ईश्वराला ठाऊक. पण लोकांच्या नजरेसमोर जगणे त्याने टाळले नाही, एवढे त्याच्या बाजूने लिहायला हवे.

मुंबईहून हजला जाणारी शेवटची बोट १९९५ मध्ये सुटली. त्याआधी कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसे या बोटींवर यात्रेकरू म्हणून गेली आणि कितीतरी घरांतली माणसे याच समुद्रावर खलाशी, सारंग, तांडेल म्हणून राबली. बोट चालवणाऱ्याला फारसीत नाखुदा म्हणतात, म्हणजे नावेचा धनी. आपल्या किनाऱ्यावर तोच शब्द नाखवा झाला. धनी म्हणजे ज्याने आधी खायचे तो नव्हे. घरात इफ्तारच्या वेळी जसे सर्वांच्या ताटात खजूर पडला की नाही हे पाहून घरातली कर्ती बाई शेवटी स्वतः रोजा सोडते, तसा तो धनी.

बोटीवरचा शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबायचे, इतकेच त्याच्याकडून मागितलेले आहे.